चर्चची किल्ली माझ्याकडं असते

पाद्री येतात वर्षातून एकदा, जानेवारीच्या उन्हाळ्यात,
समुद्रानं येऊ दिलं तर.
बाकी वर्षभर चर्च माझ्या अंगावर:
मेणबत्त्या, उंदीर, गळकं छप्पर,
आणि क्रुसावरचा तो.
त्याच्या गुडघ्यांवरची धूळसुद्धा मीच पुसते.

चिलोए बेटावरचं आमचं हे चर्च
होड्या बांधणाऱ्यांनी बांधलं.
त्यांना दुसरं काही येतच नव्हतं.
म्हणून छत बघाल तर पालथी होडी,
एक खिळा नाही, सगळ्या लाकडी खुंट्या.
वारा सुटला की कण्हते,
बुडत नाही.

त्या वर्षी आधी समुद्र लाल झाला.
शिंपल्यांत विष. सरकारी माणूस
किनाऱ्यावर पाटी ठोकून गेला.
पाटी खाऊन कुणाचं पोट भरतं?
एलादियो म्हणाला, आई, दक्षिणेला जातो,
खेकड्यांना चांगला भाव आहे.
जूनमध्ये त्याची होडी परत आली.
होडीच.
संध्याकाळी गोठ्याकडं वळणाऱ्या गाईसारखी,
एकटी, वाट न चुकता.

मी चर्चला कुलूप घातलं.
किल्ली पिठाच्या डब्यात खुपसली, पार तळाशी.
जाताना दारातूनच त्याला म्हटलं,
तू पाण्यावरून चालला होतास म्हणतात.
त्या रात्री कुठं चालला होतास?

शेजारची रोसेंदा आली, चुलीशी बसली,
म्हणाली, देवाची इच्छा.
मी म्हटलं, मग सांग तुझ्या देवाला,
लाकडं फोडायला ये म्हणावं.
ती उठून गेली.
सकाळी तिची दोन पोरं दारात, खांद्यावर कुऱ्हाडी,
पावसात भिजत, एक शब्द न बोलता
सांजेपर्यंत फोडत राहिली.
मी त्यांना बटाट्याची भाकरी दिली.
आणखी काही मनात आलं असेल तर
ते कबूल केलं नाही.

मग जुलैतलं ते वादळ.
मध्यरात्री वर टेकडीवर
छपराच्या फळ्या उडाल्याचा आवाज आला, एकामागून एक.
मी पडून होते, डोळे उघडे.
म्हटलं, भिजू दे.
कूस बदलली. भिजू दे.
आणि मग एकाएकी दिसलं,
उघडाबागडा, दोन्ही हात ठोकलेले,
बिचाऱ्याला बाजूला सरकतासुद्धा येणार नाही.

हात कोपरापर्यंत पिठात घातला.

क्षमा केली होती असं नाही, कुणाला सांगू नका.
नुसतं भिजू द्यायचं नव्हतं.
नवऱ्याचा, बासिलियोचा, जुना मेणकापडी कोट
शिडीवर चढून त्याच्या खांद्यांवर घातला,
बटणं लागेनात, दोरी बांधली.
एवढ्या जवळून त्याचं तोंड कधी पाहिलं नव्हतं.
कुणा सुतारानं कोरलेलं, नाक जरा वाकडं,
एका डोळ्याचा रंग उडालेला.
ते तोंड मला काही समजावत नव्हतं.
मुलगा गेलेल्या घरात
समजावणारे पुष्कळ येतात.
हा एकटाच गप्प होता.
खाली बसले आणि जूनपासून अडलेलं
सगळं रडून घेतलं.
छत कण्हत होतं. सकाळपर्यंत टिकलं.

म्हातारा एर्मोहेनेस दुरुस्तीला आला.
जमीन कुजली होती, लाकूड नव्हतं,
लाकडाला पैसे नव्हते.
मी म्हटलं, एलादियोची होडी आहे.
त्यानं माझ्याकडं पाहिलं, टोपी काढली,
परत घातली, करवत उचलली.

आता वेदीसमोरच्या चार फळ्या हिरव्या आहेत,
एकीवर होडीच्या नावातली तीन अक्षरं.
गुडघे टेकते ती त्यांच्यावरच.
खाली होडी, वर होडी,
मधे मी, प्रार्थना अर्धीमुर्धी आठवणारी.
त्या रात्री कुठं होतास, हे मी अजून विचारते.
दर रविवारी विचारते.
विचारायला म्हणून का होईना, येते.
मग उठते, मेणबत्ती विझवते,
शेतात बटाटे असतात.

ऑगस्ट गेला. समुद्र पुन्हा काळा-निळा झालाय.
जानेवारीत पाद्री विचारतील,
ही जमीन हिरवी कशी, आणि किल्लीला पीठ कसलं.
बघू. सांगेनही.